दुरुस्त केलेल्या पॅचच्या शेजारीच स्लॅब पुन्हा का फुटतो?

समुद्राच्या किंवा खाडीच्या जवळ राहणाऱ्यांकडून ही तक्रार सतत येते. बाथरूमखालचा स्लॅब फुगला, पोपडे खाली आले, सळ्या दिसू लागल्या. कंत्राटदाराने सैल भाग छन्नीने काढला, सळीला गंज काढायचं केमिकल लावलं, पॉलिमर मॉर्टर थापलं, वर रंग मारला. दोन-तीन पावसाळे ठीक गेले. आता पॅच जागच्या जागी घट्ट आहे, पण त्याच्या कडेपासून वीतभर अंतरावर सळीच्या रेषेत नवा तडा दिसतोय. तो भरला की त्याच्या पलीकडे पुढचा.

कंत्राटदार म्हणतो, माझा पॅच शाबूत आहे, बाजूचं काँक्रीट जुनं आहे. तो खोटं बोलत नाही. सोसायटीला वाटतं माल हलका वापरला, म्हणून पुढच्या वेळी महागडा ब्रँड आणला जातो, आणि तेच पुन्हा होतं. मालाचा दोष असतोही, पण अशा बहुतेक ठिकाणी खरी अडचण वेगळी असते. निदानच झालेलं नसतं. किनाऱ्यावर सळी गंजण्याची दोन मोठी कारणं आहेत, कार्बोनेशन आणि क्लोराइड. खालून बघितलं तर दोन्हींचा शेवट सारखाच दिसतो: तडा, पोपडा, गंजलेली सळी. उपाय मात्र एकसारखा नाही. कार्बोनेशनवर चालणारा पॅच क्लोराइडच्या स्लॅबवर लावला, तर तो शेजारच्या सळीचा गंज वाढवतो. हे कसं होतं आणि तुमच्या स्लॅबला नेमकं काय झालंय हे कसं ओळखायचं, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी हे बघा: प्लॅस्टर सुटलंय की काँक्रीट?

हलक्या हातोडीने स्लॅब खालून ठोकत जा. पोकळ आवाज आला म्हणजे सळी गंजलीच असं नाही. मुंबई-ठाण्याच्या जुन्या इमारतींत सीलिंगला जाड प्लॅस्टर असतं आणि ते नुसतंच सुटलेलं असू शकतं. एक छोटी जागा उघडून बघा. प्लॅस्टरच्या मागे काँक्रीट अखंड असेल, सळीच्या रेषेत तडा नसेल, गंजाचे तपकिरी डाग नसतील, तर काम प्लॅस्टरपुरतं आहे. तिथे स्लॅब दुरुस्तीचे पैसे घालवू नका.

काँक्रीटच पोकळ वाजत असेल तर पुढे वाचा. आणि छन्नी लावण्याआधी खाली टेकू लावा. बीम किंवा कॉलम टाचायचा (छन्नीने फोडायचा) असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगितल्याशिवाय हात लावू नका. दुरुस्ती चालू असतानाच भाग कोसळण्याचा धोका खरा असतो.

सळी इतकी वर्षं का गंजली नव्हती?

काँक्रीटच्या आत पाणीही असतं आणि हवाही, तरी सळी वर्षानुवर्षं चांगली राहते. कारण सिमेंट भिजलं की कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे चुन्याची निवळी होते तेच, आणि आतल्या पाण्याचा पीएच १२.५ ते १३.५ च्या आसपास जातो. इतक्या अल्कलीत लोखंडावर अतिशय पातळ, घट्ट ऑक्साइडचा थर बसतो. तो टिकतो तोवर गंज जवळजवळ थांबलेला असतो.

हा थर दोन वाटांनी मोडतो. पहिल्या वाटेत हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि त्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं कॅल्शियम कार्बोनेट करतो. पीएच ९ च्या खाली येतो आणि सळीवरचा थर सगळीकडेच विरतो. हे कार्बोनेशन. दुसऱ्या वाटेत मिठातले क्लोराइड आयन सळीपर्यंत पोहोचतात आणि पीएच चांगला असतानाही तो थर ठिकठिकाणी भेदतात.

कार्बोनेशन काँक्रीटला कमकुवत करत नाही, उलट पृष्ठभाग थोडा कडकच होतो. म्हणूनच जुन्या इमारतीत रिबाउंड हॅमरचे (काँक्रीटवर आपटून किती उसळतो ते मोजणाऱ्या उपकरणाचे) आकडे चांगले येतात आणि 'काँक्रीट मजबूत आहे' असा शेरा मारून इमारतीचं ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, संपतं. हॅमर पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो. सळीभोवतीची अल्कली उरली आहे का, याचं उत्तर त्यात नसतं.

कव्हर अर्धं म्हणजे आयुष्य पाव

कव्हर म्हणजे सळी आणि पृष्ठभाग यांच्यामधल्या काँक्रीटची जाडी. कार्बोनेशनची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा २५ वर्षांच्या स्लॅबमध्ये ती २० मिलिमीटर मिळाली. त्याच काँक्रीटमध्ये सळीवर ३० मिलिमीटर कव्हर असतं तर तिथवर पोहोचायला ५६ वर्षं लागली असती. कव्हर १० मिलिमीटर असेल तर सव्वासहा वर्षांत काम झालेलं असतं.

आता जुन्या स्लॅबमध्ये कव्हर किती होतं ते बघा. १९७८ च्या आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्लॅबला १५ मिलिमीटर कव्हर चालत असे आणि आरसीसीसाठी एम १५ ग्रेडचं काँक्रीटही चालत असे (एमपुढचा आकडा जितका मोठा, तितकं काँक्रीट मजबूत). प्रत्यक्षात तेवढंही मिळत नसे. कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचा तुकडा, सळ्यांवरून चालणारे कामगार, ओतताना दबलेली जाळी. सेंटरिंग काढल्यावर सळीची रेघ दिसेल इतकं पातळ कव्हर असलेले स्लॅब आजही सापडतात. २००० च्या आयएस ४५६ ने हे बरंच बदललं: सौम्य परिस्थितीत २०, मध्यमला ३०, तीव्रला ४५, अतितीव्रला ५० आणि टोकाच्या परिस्थितीला ७५ मिलिमीटर कव्हर. किनारपट्टीच्या हवेला उघडा असलेला भाग 'तीव्र' वर्गात येतो, त्याला किमान एम ३० आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ पेक्षा जास्त नाही. समुद्राचे तुषार उडत असतील तर वर्ग आणखी वर जातो. १९८० च्या दशकातली वसई, मालाड किंवा कोपरी इथली इमारत या मापाने पाहिली की आश्चर्य तिच्या पोपड्यांचं वाटत नाही, ती इतकी वर्षं टिकली याचं वाटतं.

फिनॉल्फथॅलीन: स्वस्त चाचणी, बहुतेक वेळा चुकीची केलेली

ही चाचणी कुठलाही इंजिनिअर जागेवर करू शकतो आणि सोसायटीने ती समोर उभं राहून करून घ्यावी. अल्कोहोलमध्ये बनवलेलं सुमारे १ टक्क्याचं द्रावण ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फवारायचं. अल्कली शिल्लक असेल तिथे ते गडद गुलाबी होतं, कार्बोनेशन झालेल्या भागात रंगच येत नाही. द्रावण ज्वलनशील आहे. हातमोजे घाला, विडी-सिगारेट लांब ठेवा.

बारकावे इथेच असतात. ड्रिलने भोक पाडून त्यात फवारलं तर आतली गुलाबी भुकटी बाहेरच्या भागावर पसरते आणि कार्बोनेशन कमी दिसतं. म्हणून छन्नीने कोपरा फोडा, ब्रशने भुकटी झाडा आणि लगेच फवारा. पृष्ठभाग पाण्याने धुऊ नका. जुन्या, आधीच उघड्या पडलेल्या पोपड्याच्या पाठीवर फवारून काही कळत नाही, कारण ती बाजू हवेला लागून केव्हाच कार्बोनेट झालेली असते.

चांगला फोडलेला तुकडा हातात घेतला की चित्र स्वच्छ दिसतं. कडेला सिमेंटचा राखाडी पट्टा, रंग नाही. मग एक वेडीवाकडी सीमा, आणि तिच्या आत खडीच्या काळ्या तुकड्यांभोवती सगळं किरमिजी. ही सीमा सरळ नसते. तडा असेल तिथे ती सुरीसारखी आत घुसते, मोठ्या खडीच्या कडेने पुढे सरकते. स्लॅबच्या तळापासून सीमेपर्यंत पट्टी लावून सरासरी आणि सर्वांत जास्त, दोन्ही आकडे लिहा. मग त्याच जागी सळीचं कव्हर मोजा. कव्हर १२ आणि कार्बोनेशन २२ असेल तर सळी केव्हाच राखाडी भागात आहे. कव्हर ३० आणि कार्बोनेशन १० असेल, तरीही सळी गंजलेली असेल, तर कारण कार्बोनेशन नाही. हा शेवटचा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे आणि ऑडिटच्या अहवालांत तो सहसा सापडत नाही, कारण कव्हर आणि कार्बोनेशन वेगवेगळ्या तक्त्यांत, वेगवेगळ्या ठिकाणचे छापलेले असतात. एकाच बिंदूवर दोन्ही मोजायला सांगा.

घराच्या आतल्या कोरड्या खोल्यांमध्ये कार्बोनेशन सळीच्या पलीकडे गेलेलं आणि सळी मात्र जवळजवळ स्वच्छ, असं अनेकदा दिसतं. यात विसंगती नाही. कार्बोनेशनला मध्यम आर्द्रता लागते, साधारण ५० ते ७० टक्के. छिद्रं पाण्याने भरली तर वायू आत शिरत नाही. पण गंजाला ओल लागते. म्हणून बेडरूमचा स्लॅब कार्बोनेट होऊन शांत पडून असतो, आणि बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब, साइटवर ज्याला सनकन स्लॅब म्हणतात, तो आधी जातो. तिथे नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून गळणारं पाणी ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) भरावात महिनोन्महिने साठून राहतं. वरच्या मजल्याचं प्लंबिंग तसंच ठेवून खालून पॅच मारणं म्हणजे काम वाया घालवणं. गळती आधी बंद करा, स्लॅब सुकू द्या, मग दुरुस्ती.

गुलाबी आलं म्हणून निर्धास्त होऊ नका

क्लोराइड पीएच फारसा खाली आणत नाही. स्लॅब छान गुलाबी होतो आणि आतली सळी खाल्ली जात असते. म्हणून सळीकडे बारकाईने बघायला हवं.

कार्बोनेशनमध्ये गंज सळीभर साधारण सारखा पसरतो. तांबूस-तपकिरी पापुद्रे सुटतात, गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असतं, त्यामुळे कव्हर लवकर फुटतं आणि तुम्हाला आधी इशारा मिळतो. क्लोराइडमध्ये हल्ला एकाच ठिकाणी खोल जातो. सळीचा वीतभर भाग पूर्ण जाडीचा, आणि मध्येच एक खड्डा, उंदराने कुरतडल्यासारखा. काँक्रीट नुकतंच फोडलं असेल तर त्या खड्ड्यात काळपट-हिरवट ओला चिखल दिसतो आणि हवा लागली की काही वेळातच तो तपकिरी होतो. म्हणून फोडल्याबरोबर फोटो काढा. दुसऱ्या दिवशी गेलात तर सगळा गंज सारखाच तांबडा दिसेल. असा गंज कधी कधी पोपडा न पाडताच सळी तोडतो, आणि त्याची भीती मला जास्त वाटते.

प्रीस्ट्रेस्ड कामात ताणलेल्या बारीक तारा असतात, तिथे हा धोका फारच वाढतो. पणजीचा मांडवीवरचा १९७० मध्ये सुरू झालेला पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला आणि केबल्सचा गंज हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं. सोळा वर्षंसुद्धा नीट टिकला नाही. आपल्या किनाऱ्यावर पूल बांधणाऱ्यांना त्यातून खूप शिकावं लागलं. इमारतींच्या बाबतीत मात्र आपण अजून पोपडा पडायची वाट बघतो.

क्लोराइड येतं कुठून? दोन दिशांनी. एक, बाहेरून: समुद्रावरच्या वाऱ्यातून. पावसात धुतला जाणारा भाग त्यातल्या त्यात बरा राहतो. छज्जाची खालची बाजू, गॅलरीचं सीलिंग, बीमचा तळ इथे मीठ बसतं आणि धुतलं जात नाही. पाऊस न लागणाऱ्या, सावलीतल्या या भागांत कार्बोनेशनही वेगाने होतं, म्हणून सर्वांत आधी फुटतात ते हेच. दोन, आतून: बांधकामाच्या वेळीच. न धुतलेली खाडीची रेती, खारट बोअरचं पाणी, कॅल्शियम क्लोराइड असलेलं लवकर घट्ट करणारं मिश्रण.

लॅबचा आकडा कसा वाचायचा

स्लॅबच्या तळापासून टप्प्याटप्प्याने भुकटी काढायची: ० ते १०, १० ते २०, २० ते ३०, ३० ते ४० मिलिमीटर, प्रत्येक पुडी वेगळी. सगळी भुकटी एकत्र करून 'क्लोराइड इतके टक्के' असा एकच आकडा आला तर पैसे गेले असं समजा. टप्प्यांचा आलेखच गोष्ट सांगतो. पृष्ठभागाजवळ जास्त आणि आत उतरत जाणारं असेल तर मीठ हवेतून आलं. सगळ्या खोलीवर जवळजवळ सारखं असेल तर ते मिश्रणातच होतं, म्हणजे त्या टप्प्यात ओतलेले सगळे स्लॅब संशयित. आणि बाहेरच्या पट्ट्यात कमी, मग अचानक जास्त, मग पुन्हा कमी असं आलं तर बहुधा कार्बोनेशनने मीठ पुढे ढकललं आहे.

हे शेवटचं थोडं समजावतो, कारण किनाऱ्यावरच्या जुन्या इमारतींत दोन्ही रोग एकत्र असणं नेहमीचंच. काँक्रीटमध्ये शिरलेलं सगळं क्लोराइड मोकळं फिरत नाही. काही सिमेंटमधल्या ॲल्युमिनेटशी जोडलं जातं आणि निरुपद्रवी होतं. कार्बोनेशनची सीमा तिथे पोहोचली की ही जोडणी मोडते, अडकलेलं क्लोराइड सुटतं आणि सीमेच्या पुढे साचतं. म्हणजे अल्कली संपण्याआधीच सळीभोवती जास्त मीठ जमा होतं. एकेका चाचणीत दोन्ही आकडे 'थोडे' वाटले तरी एकत्र आल्यावर ते पुरेसे असतात.

आता मर्यादा. आयएस ४५६ नवीन आरसीसी काँक्रीटला एका घनमीटरमागे ०.६ किलो क्लोराइडची मर्यादा घालतं. सळी गंजायला लागण्यासाठी सिमेंटच्या वजनाच्या सुमारे ०.४ टक्के हा आकडा सर्वत्र धरला जातो, तो निश्चित रेषा नाही, ओल आणि ऑक्सिजनवर बदलतो. गोंधळ होतो तो टक्केवारीच्या पायाचा. लॅब बहुतेकदा काँक्रीटच्या वजनाची टक्केवारी देते. घनमीटरमध्ये ३०० किलो सिमेंट असेल तर सिमेंटच्या ०.४ टक्के म्हणजे १.२ किलो, आणि २४०० किलो काँक्रीटच्या हिशेबाने ते फक्त ०.०५ टक्के. अहवालात ०.०६ टक्के वाचून 'नगण्य' असं म्हणणारे लोक भेटतात. तो आकडा धोक्याच्या पलीकडचा आहे. अहवाल कशाच्या वजनावर आहे, ते लॅबकडून लिहून घ्या.

सोबत हाफ-सेल पोटेन्शियलचा नकाशा, म्हणजे सळीचं विद्युत विभव ठिकठिकाणी मोजून, काढला तर उत्तम. कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण वाचन म्हणजे तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त, उणे २०० पेक्षा कमी ऋण असेल तर तितकीच शक्यता गंज नसण्याची. मधलं क्षेत्र अनिश्चित. एका बिंदूच्या आकड्यापेक्षा शेजारच्या बिंदूंमधला उतार बघा. थोड्या अंतरात आकडा झपाट्याने बदलत असेल तर तिथे खड्डा पडतोय.

मग पॅचच्या शेजारी का?

सळी गंजते तेव्हा एका भागातून लोखंड विरघळतं आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन सळीतूनच शेजारच्या भागाकडे जातात. विरघळणारा भाग ॲनोड, दुसरा कॅथोड. कॅथोडवरची सळी सुरक्षित असते. म्हणजे जिथे पोपडा पडला होता, ती जागा आजूबाजूच्या सळ्यांना नकळत सांभाळत होती.

तुम्ही तीच जागा फोडून नवं, अल्कलीने भरलेलं, मीठ नसलेलं मॉर्टर भरलं. आता तिथली सळी सुरक्षित झाली, कॅथोड झाली. पण पॅचच्या कडेपलीकडे जुनं खारट काँक्रीट आहे आणि सळी तीच, सलग. आधी सांभाळला जाणारा शेजारचा भाग आता ॲनोड होतो आणि मोठ्या, ताज्या कॅथोडशी जोडला गेल्यामुळे तो पूर्वीपेक्षा जोमाने विरघळतो. पॅच जितका चांगला, तितका फरक ठळक. महागडा माल आणूनही तक्रार थांबत नाही, ती यामुळे.

कार्बोनेशनच्या स्लॅबमध्येही हे थोडं घडतं, पण तिथे ओल तोडली की गंजाचा वेग एकदम खाली येतो. मीठ मात्र हवेतलीच ओल धरून ठेवतं. समुद्रकाठच्या दमट हवेत खारट काँक्रीट पुरतं सुकत नाही.

कार्बोनेशन असेल तर

गळती बंद. पोकळ भाग काढा आणि सळीच्या मागे किमान २० ते २५ मिलिमीटर जागा करा, म्हणजे बोट फिरेल आणि मॉर्टर सळीला चारही बाजूंनी वेढेल. नुसता खालचा पापुद्रा काढून सळीचं पोट रंगवलं तर पाठीमागचा भाग जुन्या, मृत काँक्रीटमध्येच राहतो. पॅचची कड तिरकी न ठेवता कटरने सरळ उभी कापा, पातळ होत जाणारी कड सुटतेच. वायर ब्रश पुरत नाही, शक्य तिथे सँड ब्लास्टिंग. ॲसिडवर आधारित गंज काढणारं केमिकल वापरलं तर नीट धुऊन काढा. तेच आत राहून नवा उपद्रव होतो.

सळीची जाडी व्हर्नियरने मोजा. ८ मिलिमीटरची सळी ६ उरली असेल तर डोळ्यांना पाव गेल्यासारखी वाटते, पण क्षेत्रफळ ५६ टक्केच राहिलेलं असतं. अशा ठिकाणी नवी सळी योग्य लॅप देऊन (जुन्या चांगल्या सळीच्या शेजारी पुरेशी लांब ठेवून) घालावी लागते, आणि किती घालायची ते इंजिनिअरने हिशेबाने ठरवायचं.

मॉर्टर थरांत भरा आणि पाणी मारा. पाणी न मारलेला पॅच छिद्रमय राहतो, स्वतःच झपाट्याने कार्बोनेट होतो. मे महिन्याच्या शेवटी पावसाची धास्ती घेऊन घाईने केलेली कामं इथेच मार खातात. ऑक्टोबर संपला की काम सुरू करा, म्हणजे स्लॅब सुकायला आणि पॅच नीट भिजवायला वेळ मिळतो.

शेवटी कार्बन डायऑक्साइड अडवणारा, पण आतली वाफ बाहेर सोडणारा कोटिंग. जे पॅच झाले नाहीत आणि अजून चांगले आहेत, त्या भागांवरही तो द्या. उरलेलं आयुष्य तिथेच वाचवायचं आहे. वाफ न सोडणारा जाड चकचकीत रंग ओल्या स्लॅबला खालून लावू नका, वरून येणारं पाणी आतच कोंडलं जातं.

क्लोराइड असेल तर

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की साधी पॅच दुरुस्ती पुरणार नाही. खारट काँक्रीट जेवढं राहील तेवढा प्रश्न राहील. मीठ पृष्ठभागाजवळच्या पट्ट्यातच असेल आणि सळीच्या मागे कमी असेल, तर पोकळ वाजत नसलेलं पण खारट काँक्रीटसुद्धा सलग काढून पूर्ण पॅनेल नव्याने भरणं योग्य ठरतं. तुकड्यातुकड्यांनी नको.

पॅचच करायचा असेल तर पॅचच्या कडेच्या आत, सळीला जस्ताचे ॲनोड बांधतात. मच्छीमार बोटींच्या तळाला जस्ताच्या वड्या लावतात त्याच तत्त्वावर. सळीऐवजी जस्त विरघळतं. पण दोन अटी आहेत. सळ्या एकमेकींशी विजेच्या दृष्टीने जोडलेल्या असायला हव्यात, मल्टिमीटरने तपासा. आणि ॲनोडभोवतीचं मॉर्टर वीज वाहू देणारं असावं. पॉलिमरने भरलेलं, फार घट्ट मॉर्टर ॲनोडला बंद करून टाकतं. ॲनोडच्या उत्पादकाची मॉर्टरबद्दलची अट वाचा आणि कंत्राटदाराकडून तोच माल मागा. ॲनोड बांधून वर सगळ्या सळीला इपॉक्सी फासणं हे दोन्ही उपाय एकमेकांना मारणारं काम आहे.

मीठ सगळ्या जाडीत सारखं मिळालं, म्हणजे ते मिश्रणातच होतं, तर मोठे निर्णय घ्यावे लागतात: बाहेरून वीज देऊन केलेलं कॅथोडिक संरक्षण, किंवा स्लॅब काढून नवा टाकणं, किंवा पुनर्विकास. दर तीन वर्षांनी पॅचवर खर्च करत राहण्यापेक्षा हा हिशेब एकदा सर्वसाधारण सभेपुढे मांडलेला बरा.

नव्याने भरायच्या काँक्रीटमध्ये स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) किंवा फ्लाय ॲश (वीज केंद्रातली राख) असलेलं सिमेंट क्लोराइडला जास्त चांगलं अडवतं. त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड मात्र कमी असतं, म्हणून पाणी मारण्यात कसूर झाली तर कार्बोनेशन लवकर होतं. एकाला दाबताना दुसऱ्याला वाट मिळू नये.

गॅलरी आणि छज्जा: खालून बघून फसू नका

हा मुद्दा मी प्रत्येक सोसायटीला सांगतो. बाहेर निघालेल्या गॅलरीत आणि छज्जात मुख्य सळ्या वर असतात, खाली नसतात. खालून पोपडा पडला की आपण खालची सळी दुरुस्त करतो आणि निश्चिंत होतो. भार पेलणारी सळी मात्र लाद्यांखाली, पाणी साचणाऱ्या कोब्यात, भिंतीच्या तोंडाशी गंजत असते. तिथे क्लोराइडचा खड्डा पडला तर पोपडा पडण्याचा इशाराही मिळत नाही, गॅलरी एकदम खाली येते. म्हणून गॅलरीच्या भिंतीलगतच्या दोन-तीन लाद्या काढून वरच्या सळीची पाहणी करा. वरचा उतार बाहेर आहे का, भिंतीच्या सांध्यात पाणी थांबतं का, आधी एकावर एक लाद्यांचे थर घालून वजन वाढवलंय का, तेही बघा. खालून बीमचे टेकू न देता लाद्या फोडू नका.

टेंडरमध्ये काय लिहून घ्यायचं

महाराष्ट्रात १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतींना दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्यांना दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सांगितलेलं आहे. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींसाठी महापालिका कायद्याचं कलम ३५३ ब आहेच. ऑडिट होणारच आहे, तर त्यात कव्हर, कार्बोनेशन आणि टप्प्यांचं क्लोराइड एकाच बिंदूवर मोजायला सांगा, ठिकाणं मजल्याच्या नकाशावर खुणा करून. पुढच्या ऑडिटमध्ये त्याच्याच शेजारी पुन्हा मोजता येईल आणि वाढ दिसेल.

दुरुस्तीचा दर बहुतेक टेंडरांत चौरस फुटाला, 'सरासरी २५ मिलिमीटर जाडी' असा असतो. या दरात सळीच्या मागे जाणाऱ्या कंत्राटदाराचं नुकसान होतं आणि पापुद्रा काढणाऱ्याचा फायदा. सळीच्या मागे जाईपर्यंत टाचणं वेगळं, भरण्याची जाडी प्रत्यक्ष मोजून वेगळी, सळी बदलणं किलोवर, ॲनोड नगावर, अशा बाबी स्वतंत्र ठेवा. आणि मॉर्टर भरण्याआधी प्रत्येक उघड्या पॅचचा पट्टी लावलेला फोटो इंजिनिअरने तपासल्याशिवाय पुढचं काम सुरू करू देऊ नका.